सरनोबत वकिलांचा पत्ता

“सरनोबत वकील इथंच बसतात का?”

मी मान वर केली नाही. त्या आठवड्यात हा प्रश्न मला तिसऱ्यांदा ऐकावा लागत होता. आमच्या बाररूममध्ये, म्हणजे कोर्टाच्या आवारात वकील बसतात त्या खोलीत, दारातून आत आलं की पहिली खुर्ची माझी. जागा मोक्याची म्हणून माझ्या वडिलांनी ती धरली होती आणि त्यांच्यानंतर ती माझ्याकडं आली. पक्षकार आत आला की आधी आपल्याकडंच येणार, असा त्यांचा हिशोब. माझ्या काळात पक्षकार आधी माझ्याकडंच यायचे आणि सरनोबत कुठं भेटेल ते विचारायचे.

“बसतात,” मी म्हणालो. “आज नाहीत.”

“कधी भेटतील?”

सरनोबत त्या दिवशी एका कामासाठी सांगलीला गेला होता. सकाळी जाता जाता मला म्हणाला होता, “कुणी आलं तर पाचला पेठेत पाठव रं माधव. मी तवर येतोय.” मी आता बाईंकडं पाहिलं. तिशीच्या आतल्या. खांद्याला कापडी पिशवी, चपलांवर धूळ, हातात वर्तमानपत्राचं घडी घातलेलं कात्रण. कात्रण माझ्या बाजूनं उलटं होतं, तरी त्यातलं सरनोबतचं नाव मला वाचता आलं.

“बाहेरगावी गेलेत,” मी म्हणालो.

हे खरं होतं. पाच वाजता येणार आहेत, हेही खरं होतं, पण ते मी बोललो नाही. बाई दारातच थांबल्या. लांबून आल्या होत्या हे दिसत होतं.

“काय काम होतं?” मी विचारलं, आणि समोरच्या खुर्चीवरची फाइल उचलून बाजूला ठेवली.

हे मी का केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. शाम सरनोबत आणि मी लॉ कॉलेजला एका बाकावर होतो. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालो. तो फुटबॉलच्या मॅचपायी एकदा परीक्षेलाच बसला नाही, दुसऱ्यांदा काठावर सुटला. मला वडिलांचं ऑफिस मिळालं: काचेची कपाटं, कातडी पुठ्ठ्यातले लॉ रिपोर्ट, पंखा, आणि गणपतराव नावाचे जुने जाणते कारकून. सरनोबतचं ऑफिस शिवाजी पेठेत एका सायकल दुकानाच्या माडीवर. दोन बाकं आणि एका पायाखाली वीट घातलेलं टेबल. जिन्यावर मात्र सकाळ-संध्याकाळ माणसं. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती आणि लोकांना आपल्याला हक्क असतात याची नव्यानं आठवण झाली होती. कुणाला उगाच लॉकअपमध्ये ठेवलं, कुणाची मयताची वाट अडवली, की माणूस एस. टी. स्टँडवर उतरून थेट विचारायचा, “ते हक्काचे वकील कुठं बसत्यात?” रिक्षावाल्यांना पत्ता पाठ होता.

माझी कामं म्हणजे वाटण्या, बांध आणि वहिवाटीचे रस्ते. माझ्या दाव्यांत पक्षकार मरायचे आणि त्यांचे वारस उभे राहायचे. माझं नाव वर्तमानपत्रात एकदाच छापून आलं, वडील गेल्याच्या बातमीत. मला सरनोबतचा मत्सर वाटायचा. रस्त्यात त्याला कुणी थांबून नमस्कार केला की माझा दिवस खराब जायचा. तेव्हा मी त्याला मत्सर म्हणत नव्हतो. ‘त्याची काम करण्याची पद्धत मला पटत नाही’ असं म्हणायचो.

बाई खुर्चीत बसल्या आणि मुद्द्यावर आल्या. नाव सुमन कांबळे. नेसरीच्या अलीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आता दुसरी पिढी आहे.

“आमच्या गावात पिठाची गिरणी एकच आहे,” त्या म्हणाल्या. “तातोबांची. तिथं आमच्या लोकांचं दळण फक्त शनिवारी घेतात. तेही संध्याकाळी, गावाचं सगळं दळून झाल्यावर. मागच्या दारानं.”

“का?”

“गिरणीच्या दगडात आधीच्याचं थोडं पीठ राहतं ना. ते पुढच्याच्या डब्यात जातं. आमचं कुणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून. आमचं झालं की रविवारी सकाळी तातोबा आधी त्यांच्या म्हशीचा भरडा काढतात, मग गाव सुरू.”

“आणि तुम्ही?”

“मी सोमवारी गेले. पुढच्या दारानं. म्हणाले, तुमचा वार शनवार. मी म्हटलं, मी शनिवारी येणार नाही. तर म्हणाले, मग येऊच नका. साहेब, तातोबांची नात माझ्या वर्गात आहे. तिला मी बेरीज शिकवते ती चालते.”

आवाज चढलेला नव्हता. वर्गात गणित समजावून सांगावं तसं त्या सांगत होत्या. आता दळण डोक्यावर घेऊन एस. टी.नं नेसरीला जावं लागत होतं. गडहिंग्लजच्या दोन वकिलांना विचारून झालं होतं. दोघांकडंही गावातल्या शेतकऱ्यांची कामं होती, दोघांनीही पाणी देऊन परत पाठवलं. मग कुणीतरी हे कात्रण दिलं.

ऐकताना मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण त्याहून जास्त काय वाटलं तेही सांगतो. हे काम छापून येणारं आहे, असं वाटलं.

“सरनोबतांचं कधी काय, सांगता येत नाही,” मी म्हणालो. “मी घेतो हे काम.” आणि वकीलपत्राचा छापील फॉर्म पुढं सरकवला.

वकीलपत्र म्हणजे पक्षकारानं सही करून दिलेला कागद, की माझ्या वतीनं कोर्टात हा माणूस उभा राहील. ते एकदा दाखल झालं की त्या कामाला दुसरा वकील हात लावत नाही. लावायचा झाला तर पहिल्या वकिलानं ‘हरकत नाही’ असं लिहून खाली सही द्यावी लागते. ही आमच्यातली शिस्त आहे आणि बरेचसे वकील ती पाळतात. सरनोबत तर नक्की पाळणारा. फॉर्म सरकवताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

बाईंनी फॉर्म पूर्ण वाचला, मगच सही केली. कात्रण परत पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी गणपतरावांना मी दावा टाइप करायला सांगितला. दळण नाकारू नये असा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई. त्यांनी चार ओळी टाइप केल्या आणि थांबले.

“साहेब, ह्ये पोलिसातलं काम वाटतंय मला. सरनोबत साहेबास्नी एकदा इचारू या काय?”

“गणपतराव, तुम्ही स्पेलिंग बघा.”

फौजदारी, म्हणजे पोलीस, फिर्याद, शिक्षा, या बाजूची कामं मी कधी केली नव्हती. वडीलही करत नसत. आमच्याकडं त्या बाजूला कमी प्रतीची मानत. मला येत होता तो एकच रस्ता, दिवाणी दावा, आणि तो मी धरला. नागरी हक्कांचा कायदा माझ्या कपाटात होता. तो काढून वाचला असता तर अर्ध्या तासात रस्ता चुकल्याचं कळलं असतं. पण सरनोबतचा विषय म्हणून त्या पुस्तकाला हात लावायचाही मला कंटाळा होता.

दावा गडहिंग्लजला दाखल झाला. मनाई हुकमाच्या अर्जावर समोरच्याला नोटीस निघाली. पहिल्या तारखेला तातोबा आजारी. दुसऱ्या तारखेला त्यांच्या वकिलांना ‘म्हणणं’ द्यायला मुदत पाहिजे होती. म्हणणं म्हणजे आपल्या अर्जावर समोरच्यानं दिलेलं लेखी उत्तर. तिसऱ्या तारखेला गिरणीचा पट्टा तुटल्यामुळे गिरणीच बंद असल्याचा अर्ज आला. दिवाणीत हे रोजचं आहे. मी प्रत्येक वेळी ‘हरकत घेतो’ असं म्हणायचो, साहेब, म्हणजे न्यायाधीश, पुढची तारीख द्यायचे आणि मी दुपारच्या एस. टी.नं परत यायचो. ज्या तारखेला बाईंना शाळेतून सुटी मिळायची नाही त्या तारखेला मला उलट हलकं वाटायचं.

चौथ्या तारखेला म्हणणं आलं, सोबत तातोबांचं प्रतिज्ञापत्र. मी ते बसमध्ये वाचलं. त्यात लिहिलं होतं की दळण नाकारलंच नाही. वादीच्या समाजासाठी गिरणीमालकानं वडिलोपार्जित रिवाजाप्रमाणं शनिवारचा वार खास राखून ठेवलेला आहे, त्यांच्या सोयीसाठी स्वतंत्र दारही आहे, वादीनं शनिवारी यावं, दळण मिळेल. सबब दावा खोटा.

झालं. मनाई हुकूम मागायचा तो नाकारण्याविरुद्ध. समोरचा म्हणतो नाकारत नाही, या. माझ्या दाव्याच्या खालची सतरंजीच त्यांनी ओढून घेतली, असं मला वाटलं. मी तो कागद फाइलच्या तळाला घातला.

पुढच्या आठवड्यात बाई कोल्हापूरला आल्या. रविवार होता. माझ्या ऑफिसात आल्या आणि उभ्याच राहिल्या.

“मुख्याध्यापकांनी वर लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “बाईंची गावात गैरसोय होते, सबब बदली व्हावी. चंदगडकडं. महिनाअखेरीला ऑर्डर निघेल म्हणतात.”

“मग ते एका दृष्टीनं...” मी म्हणालो.

“मला बदली नको. मला सोमवारी दळण पाहिजे.” मग त्या बसल्या. “साहेब, मी नाही म्हटलं म्हणून आमच्या बाकीच्या घरांनीही शनिवारी जायचं बंद केलंय. म्हाताऱ्या बायका बोचकी घेऊन नेसरीला चालत जातात. मी चंदगडला गेले तर ती सगळी पुढच्या शनिवारी मागच्या दाराला उभी राहणार. मग पुन्हा कुणी सोमवारी जायचं नाव काढणार नाही.”

मी तारखांचं काहीतरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. नवं वकीलपत्र. वकिलाच्या नावाच्या जागी सरनोबतचं नाव, बाईंच्या अक्षरात. वरच्या कोपऱ्यात माझ्या सहीसाठी जागा मोकळी.

“मी त्यांच्याकडं गेले होते,” त्या म्हणाल्या. “पेठेत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, वकीलपत्र कुणाचं आहे. मी सांगितलं. तर माझे कागद उघडायलाच तयार झाले नाहीत. म्हणाले, माधवची सही आणा, मग बघतो.”

माझी कानशिलं तापली. “माझ्याबद्दल काय म्हणाला?”

“म्हणाले, दिवाणीत किणीकरांइतका पक्का माणूस जिल्ह्यात नाही.”

त्यानं मला शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथं सही करून कागद फेकला असता. हे वाक्य मला काही केल्या पचेना. मोठेपणा करायलाही त्यालाच सुचावं.

“आणखी एक विचारते,” बाई म्हणाल्या. “मी पहिल्यांदा आले त्या दिवशी सरनोबत वकील पाच वाजता परत आले होते. त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. माझी एस. टी. साडेसहाची होती. मी स्टँडवर बसून होते. तुम्हाला ठाऊक होतं का, ते येणार म्हणून?”

गणपतराव टाइपरायटरवर कागद चढवत होते, ते थांबले. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. बाई पडताळून बघणार नव्हत्या.

“होतं,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. एखाद्या पोरानं पाढा चुकवल्यावर बाई हलवतात, तशी. चिडल्या नाहीत. “कागद ठेवून जाते,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी सही केली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कागद टेबलावर होता आणि त्याच्याकडं न बघता मी दोन वाटण्यांचे दावे तयार केले. सही केली तर काय होईल हे मला स्पष्ट दिसत होतं. सरनोबत जिंकेल, छापून येईल, आणि जिन्यावर आणखी चार माणसं बसतील. माझ्याकडं नैतिक दिसणारी कारणं तयार होती: बाईंना मध्येच वकील बदलणं परवडणारं नाही, कोर्टाला आवडणार नाही, वगैरे. तिसऱ्या दिवशी गणपतरावांनी चहा आणून ठेवला तो बरोबर त्या कागदाच्या शेजारी.

“साहेब, महिना संपत आलाय,” एवढंच म्हणाले.

मी फाइल उचलली आणि पेठेत गेलो. सायकल दुकानाशेजारचा तो जिना मी त्याआधी कधी चढलो नव्हतो. जिन्यावर बसलेल्या माणसांनी मला सरकून जागा दिली. एकजण म्हणाला, “पावणं, नंबरानं बसा.” मी वकील आहे हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बसलो. कोट घालून, फाइल मांडीवर ठेवून, पाचव्या पायरीवर. वरून सरनोबतनं मला पाहिलं तेव्हा माझ्यापुढं अजून दोघं होते.

“अरं माधव, तू काय तिथं बसलायस? वर ये की.”

“नंबरानं येतो,” मी म्हणालो. माझा त्यातही हट्ट होता.

शेवटी वर गेलो. त्यानं फाइल घेतली नाही. “आधी सही,” म्हणाला.

“आधी वाच. मग करतो.”

“तसं चालत न्हाय लेका, तुला ठावं हाय.”

मी ‘हरकत नाही’ असं लिहिलं आणि सही केली. पेन कागदावर जरा जास्त दाबलं गेलं. मग तो वाचायला लागला. दावा बघून म्हणाला, “झकास लिहिलाईस.” मग, “पण दावा कशाला? ह्यो तर गुन्हा हाय. दुकानात, गिरणीत, हाटेलात कुणाला अस्पृश्य म्हणून वेगळं वागवलं की सरळ पोलिसात फिर्याद. शिक्षा हाय त्येला. माझ्याकडं का आला न्हाईस?”

“तुझ्याकडं यायचं असतं तर...” मी वाक्य सोडून दिलं.

तो पुढची पानं उलटत होता. तळाशी गेला. तातोबांचं म्हणणं आणि प्रतिज्ञापत्र काढलं. एकदा वाचलं. खुर्ची मागं सरकवून उभा राहिला, खिडकीपाशी उजेडात नेऊन पुन्हा वाचलं.

“ह्ये शपथेवर दिलंय?”

“हो. त्यानंच माझा दावा बुडाला.”

“माधव, तुला कळतंय का तू काय आणलंयस?” त्यानं कागद माझ्यापुढं धरला. “वादीच्या समाजासाठी शनवार. स्वतंत्र दार. वडिलोपार्जित रिवाज. ह्यो माणूस शपथेवर सांगतोय की मी ह्यांना जातीवरनं वेगळं ठेवतोय, आणि माझ्या बापानंबी ठेवलं. फिर्यादीत हेच शाबीत करताना माझं निम्मं साक्षीदार फुटत्यात. गावात उलटून कोण बोलणार? आणि तू त्येच्याच हातनं लिहून घेतलंस.”

मी कागद पुन्हा वाचला. तीच वाक्यं होती. आमच्या दिवाणीत जो सांगतो त्यानं शाबीत करायचं, आणि समोरचा काय नाकारतो तिकडं लक्ष ठेवायचं. मी तातोबा काय नाकारतात ते बघत बसलो. ते काय कबूल करतायत ते माझ्या नजरेतूनच सुटलं. शिवाय या कायद्यात पुराव्याचा भार उलटा असतो, हे सरनोबतनं तिथंच समजावून दिलं. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असं काही घडलं तर ते अस्पृश्यतेपोटीच घडलं असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे आरोपीनं दाखवायचं. तातोबांनी तर तसंच आहे म्हणून लिहून दिलं होतं.

त्यांना आणि त्यांच्या वकिलांना त्यात गैर काही दिसलंच नसणार. शनिवार राखून ठेवणं हा त्यांच्या मते उपकार होता. उपकार कुणी लपवतं का?

निघताना मी दारात थांबलो. जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. “शाम, तुला कधी माझा हेवा वाटला?”

त्यानं खरंच विचार केला. डोकं खाजवत, प्रामाणिकपणानं, दिवाणीतल्या साक्षीदारासारखा वेळ घेऊन.

“न्हाय बा,” म्हणाला. “खरं सांगू? तुझा कधी इचारच आला न्हाय डोक्यात.”

मला ते उत्तर अजूनही अधूनमधून आठवतं, विशेषतः जेवताना.

पुढचं भराभर झालं. प्रतिज्ञापत्राची नक्कल, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत, मीच काढून दिली. सरनोबत बाईंबरोबर पोलीस ठाण्यात गेला. फौजदारानं आधी टोलवायला बघितलं. नक्कल वाचल्यावर फिर्याद लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी जीप गावात गेली. तातोबांना अटक झाली, जामीन झाला. त्याच्या पुढच्या सोमवारी गिरणीचं पुढचं दार सर्वांना उघडं झालं.

बाईंनी मला पोस्टकार्ड पाठवलं. सरनोबतला चार पानी पत्र आलं होतं, ते त्यानं मला दाखवलं. माझं कार्ड असं होतं: ‘सोमवारी दळण झालं. पाच किलो जोंधळा. माझ्या आधी सरपंचांच्या घरचा डबा होता. माझ्यानंतर तातोबांच्या नातीचा. मध्ये भरडा काढला नाही. बदलीबाबत मी वर एका ओळीचा अर्ज दिला आहे, की माझी गैरसोय दूर झाली आहे. अर्ज मंजूर झाला.’

खटला गडहिंग्लजलाच चालला. तालुक्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं एकच साहेब बघायचे, त्यामुळे ज्या कोर्टात तातोबांनी प्रतिज्ञापत्र दिलं त्याच कोर्टात ते आरोपी म्हणून उभे राहिले. माझा दावा तोवर काढून घेतलेला होता, तरी त्या दिवशी गेलो. मागच्या बाकावर बसलो. तिथं पुस्तकातली एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. फौजदारीत खटला सरकारी वकील चालवतो. फिर्यादीचा खासगी वकील त्याच्या मागं बसून चिठ्ठ्या पुढं सरकवतो. म्हणजे सरनोबतलाही तोंड उघडता येत नव्हतं. मला जरा बरं वाटलं.

साहेबांनी तातोबांना विचारलं, “हे प्रतिज्ञापत्र तुमचंच ना?”

“व्हय साहेब.”

“शनिवार वेगळा ठेवलाय हे खरं?”

“खरं हाय की. माझ्या आज्यापासनं हाय. आख्खा वार दिलाय त्यास्नी. मी काय वंगाळ केलंय, तुमीच सांगा.” त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांच्या वकिलांनी मात्र चष्मा काढून पुसायला घेतला.

तातोबांना शिक्षा झाली. अपील झालं, ते पुढं बराच काळ रेंगाळलं. शनिवार मात्र परत आला नाही. वर्तमानपत्रात बातमी आली. सरनोबतचं नाव होतं, सरकारी वकिलांचं होतं. मी पेपर घडी करून गणपतरावांना म्हणालो, “आपलं नाव असायचं कारणच काय म्हणा.”

“व्हय की साहेब,” गणपतराव म्हणाले. थोडा तरी विरोध करायला हवा होता त्यांनी.

मत्सर गेला असं वाटत असेल तर तसं नाही. सरनोबतला रस्त्यात नमस्कार होतच राहिले, माझे दिवस खराब जातच राहिले. पुढच्या वर्षी एका दुपारी गारगोटीकडचा एक माणूस बाररूमच्या दारात आला. हातात कात्रण होतं, आमच्याच खटल्याचं.

“ह्ये गिरणीवाल्या केसचं वकील हितंच बसत्यात न्हवं?”

सरनोबत योगायोगानं त्याही दिवशी सांगलीला होता. समोरची खुर्ची रिकामी होती आणि माझ्यापुढं काम नव्हतं.

“सरनोबत,” मी म्हणालो. “सांगलीला गेलेत. पाचच्या आत येतात. शिवाजी पेठ, सायकल दुकानाची माडी. जिन्यावर नंबरानं बसायचं. तोवर इथं बसा, पंखा आहे.”

तो बसला. दोन तास माझ्यासमोर बसून राहिला. पाणी प्याला, कात्रण दोनदा उलगडलं. तुम्ही कसले वकील, असं एकदाही विचारलं नाही. पावणेपाचला उठला आणि पेठेच्या दिशेनं गेला.

नव्या वकिलांना मी हल्ली एवढंच सांगतो. कुणी दुसऱ्या वकिलाचा पत्ता विचारला तर पूर्ण सांगावा. तो परत कधी येणार, त्या वेळेसकट.